सासरेबुवांची गाडी, बारा पटींनी लहान

३ फेब्रुवारी

चाळीस वर्षं या गळ्याने कारखान्यांच्या फाटकांवर सभा गाजवल्या. लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला माझं वाक्य पोचत असे. काल त्याच गळ्यातून डॉक्टरांनी एक गाठ काढली. तांदळाच्या दाण्याएवढी होती म्हणे. एवढ्याशा दाण्याने मला आडवा केला.

मी गुंगीत होतो, म्हणून डॉक्टरांशी सगळं बोलणं बायकोने केलं. बाहेर येऊन म्हणाली, "पंचेचाळीस दिवस. एक अक्षर नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

मी बोटांनी विचारलं, पंचेचाळीस?

"पंचेचाळीस," ती म्हणाली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. गाठ साधी निघाली याचाच असणार.

ही वही तिनेच आणून दिली. "बोलायचं ते हिला सांगा. ही बिचारी मध्येच उठून जाऊ शकत नाही." तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय तिने. वर्ग गप्प बसवायची सवय अजून गेलेली नाही.

६ फेब्रुवारी

आज बॉम्ब पडला. ही म्हणाली, "बाबांना घेऊन येते. काचबिंदूने दुसरा डोळाही गेला. परवा एकटे असताना पडले. वृद्धनिवासात नाव नोंदवलंय त्यांनी, पण खाट रिकामी व्हायला दीड महिना लागेल. तोवर इथे राहतील."

मी पाटीवर लिहिलं: ते माझ्या घरात पाय ठेवणार नाहीत.

"मी सांगितलंय त्यांना, जावयाचा आवाज गेलाय. लगेच तयार झाले."

सासरेबुवा माझ्याशी एकतीस वर्षं बोललेले नाहीत. कारण लिहून ठेवतो, वहीशी खोटं कशाला बोलू. ते एका कारखानदाराचे ड्रायव्हर. मालकाची गाडी १९५७ सालची शेव्हरोलेट बेल एअर, अमेरिकन, लांबलचक, मागे दोन्ही बाजूंना माशासारखे उभे पंख. संपाच्या अकराव्या दिवशी मी फाटकावर बोलत होतो. गाडी गर्दीत अडकली, सासऱ्यांनी भोंगा वाजवला. मी हात करून म्हणालो, "मित्रहो, भोंगा गाडीला नाही! भोंगा तो बघा, स्टिअरिंगमागे बसलाय. मालकाने दाबला की वाजतो!"

दोन हजार माणसं हसली. आठवड्याने संप जिंकलो. सासऱ्यांना मात्र गल्लीत, दुकानात, न्हाव्याकडे, सगळीकडे भोंगा हेच नाव पडलं.

संपाची मागणी न्याय्य होती. आजही तेच बोलेन. म्हणजे, लिहीन.

१० फेब्रुवारी

घरात एकाला दिसत नाही आणि एकाला बोलता येत नाही. ते मला ऐकू शकत नाहीत, माझी पाटी वाचू शकत नाहीत. ही बाजारात गेली की आम्ही दोन वेगवेगळ्या ग्रहांवर असतो.

आज सकाळी बोळात समोरासमोर आलो. "कोण आहे?" मी गप्प. "कोण आहे, बोल की!" मी गप्पच. "चोर!" म्हणून त्यांनी काठी हाणली ती नेमकी गुडघ्यावर. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाचा नेम असा असावा याचं दुखतानाही कौतुक वाटलं.

ही धावत आली. "अहो बाबा, चोर नाही, हे आहेत!"

"मग ठीक आहे," सासरेबुवा म्हणाले. सॉरी नाही, काही नाही.

संध्याकाळी हिने कायदा केला. "एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. भिंतीवर वाजवा, टेबलावर वाजवा. घरात दोन माणसं राहतात, दोन खांब नव्हेत."

१४ फेब्रुवारी

ते हिच्याशी बोलत होते, मी पलीकडच्या खोलीत. दार उघडं होतं, त्यामुळे याला चोरून ऐकणं म्हणता येणार नाही.

"डोळ्यांचं काही नाही गं. बावीस वर्षं रोज सकाळी ती गाडी पुसली. अजून जाग आली की मनात पुसतो. पुढच्या दिव्यापासून सुरू करायचं, गोल फिरून परत दिव्यापाशी. पण हल्ली मागच्या पंखापर्यंत येतो आणि पुढे कोरं. हात कुठे ठेवायचा तेच सुचत नाही."

ही बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता कपडे घडी करत बसली. एरवी ती माझ्याकडे न बघता इतका वेळ बसत नाही.

१५ फेब्रुवारी

ठरवलं. गाडी बनवायची. बारातला एक, म्हणजे खऱ्या गाडीची फूटभर लांबी माझ्या टेबलावर एक इंच. अख्खी गाडी साडेसोळा इंचांहून थोडी मोठी होईल. तयार सुट्या भागांचा खोका आणून डकवायची नाही, पत्र्यातून आणि लाकडातून घडवायची. युनियनच्या कामात पडण्याआधी अकरा वर्षं मी ओतकामाचे लाकडी साचे करत होतो. गळा गेला असेल, हात शाबूत आहेत.

ही माफी नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. मला एवढंच सिद्ध करायचं आहे की ती गाडी मालकाची कधीच नव्हती. ज्या हातांनी पत्रा वाकवला आणि ज्या हातांनी तो बावीस वर्षं पुसला, त्यांची ती होती. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

हिला पाटीवर सांगितलं. तिने लगेच कपाटातून जुन्या मोटारींचं सचित्र पुस्तक काढलं. वाचनालयाचा शिक्का परवाचा. "सहज आणलं होतं," म्हणाली. कमाल योगायोग आहे.

दुपारी तपासणीला गेलो. मी पाटी काढली तर डॉक्टर म्हणाले, "अरे, अजून लिहूनच? मी तर दहा..." तेवढ्यात हिला ठसका लागला. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्यांनाही ठसका लागला. "हो हो, पंचेचाळीसच. चांगलं चाललंय." घशाच्या डॉक्टरलाच घशाचा त्रास असावा, काय दिवस आलेत.

२२ फेब्रुवारी

टेबलाच्या मधोमध हिने खडूने रेघ मारली आहे. अलीकडे जेवण, पलीकडे कारखाना.

आधी लाकडाचा ठोकळा तासून गाडीचा आकार काढला. त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू बसवतोय. छत तिसऱ्या खेपेला जमलं. पहिली दोन तळणाच्या झाऱ्यासारखी दिसत होती. पुढची काच दोन्ही बाजूंना वळून दारापर्यंत येते. त्यासाठी बाटलीचं प्लास्टिक गरम करून ठोकळ्यावर दाबलं. चार बोटांना फोड, काच एक.

सासरेबुवा आरामखुर्चीतून हिला म्हणाले, "तुझा नवरा काय घासतोय दिवसभर? भाषणाला धार लावतोय का?"

"पत्र्याचं काहीतरी करताहेत, बाबा."

"ते ऐकू येतंय. कानस उलटी ओढतोय, सांग त्याला. येताना दाबायची नसते, जाताना दाबायची."

मी साचेखान्यातला माणूस, मला कानस शिकवतात! रागाने सरळ ओढून पाहिली. आवाज बदलला. चाळीस वर्षांत हात विसरला होता.

खुर्चीतून समाधानाचा हुंकार आला.

२८ फेब्रुवारी

सांगाडा चाकांवर उभा राहिला. चाकं कोपऱ्यावरच्या लेथवाल्याने कातून दिली. मी पाटीवर माप लिहून दाखवलं तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही गप्प? गेट सभेत तुमच्या भाषणाच्या वेळी मी दोनदा जेवून यायचो, तरी तुमचं चालूच." कामगार चळवळीला असेही अनुयायी होते.

हिने तो सांगाडा उचलून वडिलांच्या मांडीवर ठेवला. "बाबा, हे बघा." बघा हाच शब्द वापरते ती अजून.

त्यांची बोटं पुढच्या दिव्यावर गेली, बॉनेटवरून वर, काचेच्या वळणावर थांबली, छतावरून उतरली. डाव्या पंखाच्या मागच्या पट्टीवर अंगठा ठेवून त्यांनी नखाने ओढलं. मी तिथे छोटं झाकण बसवलंय, पुस्तकात पाहून. झाकण उघडलं.

सासरेबुवा खदखदून हसले. "पेट्रोलचं तोंड! अगं, पंपावरची पोरं गाडीभोवती तीन-तीन फेऱ्या मारायची, त्यांना हे सापडायचं नाही. मी मुद्दाम सांगायचो नाही."

मग बोटं पुन्हा बॉनेटवर आली आणि चेहरा आंबट झाला. "ही इंग्रजी व्ही कसली चिकटवलीय? ती आठ सिलिंडरवाल्यांना. आमची सहाची होती. फुकटचा तोरा नको." आणि पहिल्यांदा, एकतीस वर्षांनी, तोंड माझ्या दिशेने करून: "काढाल ना, जावईबापू?"

जावईबापू म्हणताना जिभेवर लिंबू होतं. तरी मी टेबलावर एकदा वाजवलं.

५ मार्च

वाट लागली.

पाच दिवस मी आतलं काम करत होतो. सीट, पायाखालची पेडलं, डॅशबोर्डवर तीन गोल डबे, त्यात काटे. स्टिअरिंग पितळी तारेचं. पुस्तकातल्या चित्राशी केसाचाही फरक नाही. दारं अजून लागायची आहेत, म्हणून सासरेबुवांचा हात सहज आत गेला. बोटं चाचपडत उजव्या बाजूला गेली, मग डावीकडे. स्टिअरिंग सापडलं. तिथेच थांबली.

"हे डावीकडे आहे."

मी वाजवणार तरी काय?

"आमच्या इथे स्टिअरिंग उजवीकडे असतं. तुमच्या हिशेबाने मी बावीस वर्षं बाजूच्या सीटवर बसून होतो. शोभेला." त्यांनी गाडी हिच्याकडे दिली. "पुन्हा एकदा लोकांना हसायला दिलंस म्हणावं. वृद्धनिवासात फोन कर. खाट लवकर मिळते का विचार."

फोन झाला. १९ तारखेला खाट रिकामी होते आहे, गाडी न्यायला येईल.

अमेरिकन पुस्तकातली अमेरिकन गाडी मी जशीच्या तशी बनवली. जन्मभर सभांमधून सांगत आलो, परक्यांची पुस्तकं इथल्या रस्त्यावर तपासून बघा. आणि त्या गाडीच्या पुढ्यात उभं राहून मी तासभर बोललो होतो, तेव्हा ड्रायव्हर कोणत्या बाजूला बसलाय हे माझ्या डोळ्यांनी नोंदवलंच नाही. मला भोंगा दिसला होता, माणूस नाही.

ही स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी होती. रडत नव्हती म्हणाली.

६ मार्च

आतलं सगळं उपटून काढलं. आता उजवीकडे काय नि कसं होतं, हे पुस्तक सांगणार नाही. सांगणारा एकच माणूस आहे आणि तो भिंतीकडे तोंड करून बसलाय.

७ मार्च

सकाळी ही बाजारात गेल्यावर मी स्वयंपाकघरातली खुर्ची त्यांच्यासमोर आणून ठेवली. त्यांचा हात धरून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग माझं जेवणाचं ताट त्यांच्या हातात दिलं, उभं, स्टिअरिंगसारखं.

ते उठले, खुर्चीत बसले, ताट थोडं खाली घेतलं, थोडं तिरकं केलं. "असं." डावा हात ताटाखाली गेला. "गियरची दांडी इथे." उजवा पाय पुढे. "आणि ते तीन गोल डबे फेकून द्या. आमच्यात नव्हते. पंख्यासारखा अर्धगोल होता, त्यात काटा."

मी गुडघ्यांवर बसून टेपने मापं घेत होतो. कोपर ते दार, गुडघा ते दांडी. प्रत्येक माप भागिले बारा. सासरेबुवा गाडी चालवत होते. वळणावर अंग कलायचं, खड्ड्यात खांदे उचलायचे. हे स्टिअरिंग किती जड होतं ते ताट धरलेल्या मनगटाकडे बघून कळत होतं. मालकाच्या पार्ट्यांबाहेर सहा-सहा तास थांबणं, लघवीला जायचं तरी मालक येईल म्हणून न जाणं, हे ते सांगत होते आणि मी आकडे लिहीत होतो. कामगारांच्या हलाखीवर मी शेकडो भाषणं केली. त्यात हे एकदाही नव्हतं. ड्रायव्हरला आम्ही युनियनमध्ये घेतलाच नव्हता.

मग ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी तुमचे लोक हसले त्याचं काही नाही. मागच्या सीटवर मालकही हसला. म्हणाला, 'बरं नाव दिलं तुझ्या जावयाने. चल, भोंगा.' पुढची नऊ वर्षं तेच. भोंगा, गाडी काढ. भोंगा, दार उघड. पाहुण्यांसमोरसुद्धा."

माझी टेप जमिनीवर पडली.

"आता विचारतो, टेबलावर उत्तर द्या. संप चूक होता?"

मी लगेच दोनदा वाजवलं.

"बरोबर. मलाही तसंच वाटायचं. मग मला जे म्हणालात, ते चूक होतं?"

एकदा वाजवलं की संपलं असतं. पण हात उचलला आणि तिथेच राहिला. एका टकटकीत ते मावेना. मी एकदा वाजवलं, मग पुन्हा, मग पुन्हा.

"तीन?" सासरेबुवांनी मान तिरकी केली. "हे कुठलं कलम? की भाषण सुरू झालं?"

आणि ताट माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे धुवा आता. पेट्रोलचा वास येतोय त्याला."

१२ मार्च

झोप उडाली आहे. मी आयुष्यभर मालकांविरुद्ध शब्द घडवले, आणि माझा सगळ्यात चांगला घडलेला शब्द मालकाने उचलून नऊ वर्षं वापरला. मीच त्याला तो फुकट पुरवला. संपातली प्रत्येक मागणी आम्ही कागदावर लिहून घेतली. ही एक गोष्ट परत मागायची राहिली.

डॅशबोर्डवरचा पंखा जुन्या चमच्याच्या टोकापासून केला. स्टिअरिंग उजवीकडे. पुढची दारं बसली. बिजागरीला टाचणीचा तुकडा. मागची बाकी.

सासरेबुवा रोज दुपारी दोन बोटं आत घालून बघतात आणि "हं" म्हणतात. हिला मात्र रोज विचारतात, बॅग भरली का. ती रोज भरते आणि त्यांचा एखादा सदरा इस्त्रीसाठी म्हणून परत बाहेर काढते. विसराळू होत चालली आहे.

१८ मार्च

उद्या माझा आवाज मोकळा होतो. उद्याच ते जातात. नऊ पानांचं भाषण लिहून काढलं. ड्रायव्हरला संघटनेबाहेर ठेवण्याची ऐतिहासिक चूक, विनोदाची जबाबदारी, श्रमाची प्रतिष्ठा, सगळे मुद्दे आलेत. वाचून पाहिलं तर टाळ्या कुठे पडतील तेही समासात खूण करून ठेवलं होतं. फाडून टाकलं.

उजवं मागचं दार बसलं. डावं चौकटीत अडकतंय, अर्धा मिलिमीटर. उद्यापर्यंत काही होत नाही.

हिला पाटीवर लिहिलं: त्यांनी थांबावं असं तू सांग.

ती वाचून म्हणाली, "पंचेचाळीस दिवस मी तुमच्या दोघांची टपालवाली होते. ही चिठ्ठी मी नेणार नाही. उद्यापासून तोंड आहे ना?"

१९ मार्च

डॉक्टरांकडून परत आलो तर वृद्धनिवासाची व्हॅन दारात. चालक जिन्याखाली टेकून उभा. वर बॅग दाराशी, सासरेबुवा बूट घालून खुर्चीत. ही खिडकीशी.

मी पाटी टेबलावर ठेवली आणि तोंड उघडलं. घोगरा, फाटका, कुणा परक्याचा आवाज निघाला.

"मामा, चुकलो."

एवढंच. पुढचं वाक्य तयार होतं, पण आलं नाही.

सासरेबुवा म्हणाले, "हा काय आवाज! गंजलेल्या नळाला बरा असेल."

"राहा इथे," मी म्हणालो.

"कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे मुद्दे होते, निदान सात. एकही सांगितला नाही. "डावं मागचं दार बसत नाही. अडकतंय."

"कुठे? वर की खाली?"

"बिजागरीपाशी."

"बघू."

हिने गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी दार उघडमीट केलं, कान जवळ नेला. खालून व्हॅनचा भोंगा वाजला, एकदाच, हळू. सासरेबुवांचं डोकं उचललं गेलं.

"खाली ड्रायव्हर थांबलाय?"

"हो, बाबा."

"किती वेळ?"

"अर्धा तास झाला."

"आणि तुम्ही त्याला ताटकळत ठेवलंय? कमाल आहे!" ते उठले, बोळातून चाचपडत जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली ओरडले, "दादा, तू जा रे! उगाच उभा राहू नकोस. माझं काम निघालंय इथे." मग आत येऊन खुर्चीत बसले, बूट काढले आणि एक बूट नेमका माझ्या पायावर टाकला.

"मामा, मला खरं म्हणजे तुम्हाला..."

"बोलू नका. दार धरा."

मी दार धरलं. त्यांनी कानस घेतली. जाताना दाबत होते, येताना सोडत होते.

२३ मार्च

चारही दारं लागली. काल रंगाचा दुसरा हात दिला, छत पांढरं, खाली फिका निळा. मला वाटलं, गाडी संपली. सासरेबुवा म्हणाले, बॉनेट उघडत नाही.

"बॉनेट उघडून काय करायचं?"

"आत इंजिन नको? सहा सिलिंडर, कार्बुरेटर, पंख्याचा पट्टा, प्लगच्या तारा. सगळ्या जागा पाठ आहेत मला. पाच-सहा महिने लागतील."

मी म्हणालो, तत्त्व म्हणून म्हणालो, "मामा, बॉनेट बंदच राहणार. आतलं इंजिन दिसणार कुणाला?"

ते म्हणाले, "मला."